थंडीत नदी आणि पाटाच्या काठी: आधी पाणी बघा, मग पक्षी

प्रश्न असा आहे: "डिसेंबरअखेरीस चार दिवस नाशिकला असू. सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आणि दहा वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो, पण लांबवर काळे ठिपके तेवढे दिसले, ऊन चढल्यावर कंटाळून परत आलो. थंडीत नदी-कालव्याच्या काठी नेमकं काय बघायचं? कुठे आणि कधी उभं राहायचं? की त्यापेक्षा उजनी धरणाकाठचं भिगवण बरं?"

काळे ठिपके दिसले याची दोन कारणं संभवतात. एक तर सूर्य तुमच्या समोर होता, नाहीतर पाणी चढलेलं होतं. पहिल्यावर इलाज सोपा आहे, तो पुढे सांगतो. दुसऱ्याबद्दल मात्र विस्ताराने लिहावं लागेल, कारण थंडीतल्या नदीकाठाची सगळी मेख तिथेच आहे. कोणकोणते पक्षी येतात याच्या याद्या कुठेही मिळतात. पण ते आज या काठाला बसतील की दोन किलोमीटर पलीकडे, हे ठरतं पाणी किती खोल आहे त्यावर. आणि आपल्या दख्खनच्या नद्यांत थंडीच्या दिवसांत पाणी किती असेल, ते पाऊस ठरवत नाही, पाटाचं आवर्तन ठरवतं, म्हणजे कालव्यात ठराविक दिवसांसाठी पाणी सोडण्याची पाळी.

नांदूरमध्यमेश्वरचंच घ्या. गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथे, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने बंधारा घातला. वरच्या धरणांतून नदीत सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे वळवायचं, एवढंच त्याचं काम. शंभरहून अधिक वर्षं दोन्ही नद्या दर पावसाळ्यात गाळ आणत राहिल्या आणि तो बंधाऱ्यामागे बसत गेला. पाण्याचा साठा म्हणून बंधारा दुबळा झाला, पण त्या गाळाने उथळ पाणथळ, बेटं, लव्हाळ्याचे पट्टे आणि पाणकणसाची बनं तयार झाली. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. म्हणजे आज आपण जे निसर्गरम्य म्हणून बघायला जातो ते सिंचनाच्या एका कामातून, गाळ साचून, आपसूक घडलेलं आहे. त्यामुळे तिथला निसर्ग वाचायचा तर सिंचनाची भाषा थोडी यायला हवी.

आता खोलीचं गणित. बदकं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही बुडी मारून खाणारी नव्हेत. ती डोकं पाण्यात घालतात, फार तर शेपटी वर करून उभी होतात आणि चोच पोचेल तेवढंच खातात. त्यांना वीतभर, फार तर हातभर पाणी लागतं. चक्रांग सगळ्यांत लहान, त्याला त्याहून उथळ. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते थोडं आत जाऊ शकतं. उलट लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालतं, किंबहुना तेच आवडतं. शेकाट्या, पाणटिवळे, तुतवार, टिलवे ही मंडळी तर चिखल आणि पाण्याच्या सांध्यावर जगतात. पाणी बोटभर चढलं की टिलव्याचं ताट गेलं. चमच्या या पक्ष्याला चोच अर्धवट बुडवून डावी-उजवीकडे फिरवता येईल एवढं पाणी हवं.

तेव्हा तुम्ही गेलात त्या दिवशी बंधाऱ्यामागे पाणी काठोकाठ असेल, तर तुमच्यासमोर फक्त बुडी मारणारे आणि चांदवे होते आणि तेही मध्यावर. बाकीचे कुठल्या तरी उथळ फाट्यात, शेजारच्या गावाच्या बाजूला. पक्षी कमी नव्हते, तुमच्या समोर नव्हते.

हे आधी कळावं कसं? रब्बीचा सिंचन हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, किती आवर्तनं द्यायची ते ठरतं, शेतकरी पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज भरतात आणि मग पाणी सुटतं. आवर्तन चालू असताना कालव्याच्या मुखाशी पातळी राखावी लागते, म्हणून बंधाऱ्यामागे पाणी चढलेलं असतं. आवर्तन संपून वरून येणारं पाणी थांबलं की ते हळूहळू उतरतं आणि चिखलाची पाठ उघडी पडू लागते. पक्ष्यांच्या दृष्टीने तो आठवडा सोन्याचा. स्थानिक वर्तमानपत्रात आवर्तनाच्या तारखा येतात, त्या बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे निफाड सोडल्यावर कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, "पाट चालू आहे का?" पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी भेटला तर फारच उत्तम, पाणी कधी सुटलं, कधी बंद होणार, कुठली चारी (पाटाची लहान शाखा) कोरडी आहे हे त्याला तोंडपाठ असतं. पक्षी बघायला आलेला माणूस पाटाचं विचारतो याचं सुरुवातीला त्यांना नवल वाटतं, पण मग ते मनापासून सांगतात.

दुष्काळी वर्षी आणखी एक गोष्ट घडते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असं सूत्र आहे. त्यावरून दर वेळी वाद पेटतो, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण ते पाणी नांदूरमध्यमेश्वरवरूनच पुढे जातं. २०२३ च्या नोव्हेंबरात असं पाणी सोडलं गेलं. बदकं नुकती उतरत असतात तेव्हाच नदी फुगते आणि त्यांना नव्याने जागा शोधावी लागते. अशा वर्षी नोव्हेंबरचा भरवसा धरू नका, जानेवारीत जा.

आता पाट. तुम्ही प्रश्नात कालव्याचं नाव घेतलंत याचा मला विशेष आनंद झाला, कारण बहुतेक लोक निरीक्षण मनोऱ्यावर चढतात, फोटो काढतात आणि पाट ओलांडून घरी जातात. वडील सोबत असतील तर पाटासारखी जागा नाही. भरावावरून सपाट वाट असते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, आणि पक्षी हाकेच्या अंतरावर. दुर्बीण नसली तरी चालतं.

पाट वाहता असताना आणि बंद असताना अगदी वेगळा दिसतो. वाहत्या पाटावर वरच्या तारेवर तारवाली भिंगरी बसलेली दिसेल, शेपटीतून दोन बारीक तारा निघालेली, डोक्यावर तांबूस टोपी. ती पुलाच्या कमानीखाली घरटं करते म्हणून पुलाजवळ थांबा. काँक्रीटच्या उतारावर तुतवार असतो, कमरेपासून मागचा भाग सतत खालीवर हलवत चालणारा. मुलीला एकदा दाखवलात की पुन्हा विसरणार नाही. धोबी तीन-चार तऱ्हेचे मिळतात. पांढरा आणि करडा पाहुणे, काळा-पांढरा मोठा धोबी आपला इथलाच. करडा धोबी पाटाच्या मोऱ्यांपाशी, जिथे पाणी खळखळतं तिथेच बघावा. हिमालयातल्या ओढ्याकाठचा पक्षी आहे, इथेही तो वाहतं पाणीच शोधतो.

पण खरी मजा आवर्तन बंद झाल्यावरच्या चार-पाच दिवसांत. पाणी ओसरतं आणि पाटाच्या तळात डबकी उरतात. धरणातून आलेले मासे त्यात अडकतात. पहिल्या दिवशी बगळे येतात, एका डबक्याभोवती पाच-सात. राखी बगळा एकटा, थोडा लांब. ढोकरी कडेला मान आत घेऊन अशी बसते की मातीचं ढेकूळच वाटावं, आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र. छोटा खंड्या मोरीच्या दांड्यावरून सरळ सूर मारतो, कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबून मग पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबकी आटत आली की शराटी आणि घारी येतात, आणि गावातली पोरंही मासे धरायला उतरतात. ती उतरली की समजावं, पाट संपला, आता पुढच्या डबक्याकडे चला.

पाटाखालच्या पाझराकडेही लक्ष असू द्या. जुन्या मातीच्या भरावातून पाणी झिरपतं आणि खालच्या अंगाला सखल जागी दलदल होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जमीन चिबड, वाया गेलेली. पण तिथे गोगलगाई होतात आणि त्यामागे उघड्या चोचीचा करकोचा येतो. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. गोगलगाय पाण्याखालीच धरून तो आतलं मांस काढून घेतो, कवच तिथेच टाकतो. पाझराच्या कडेला अशी रिकामी कवचं पडलेली असतात, मुलीला गोळा करू द्या. तिथल्याच लव्हाळ्यात निळ्या गळ्याचा शंकर लपतछपत फिरतो आणि काडीच्या टोकावर गप्पीदास उघड्यावर बसतो. हे दोघंही थंडीचे पाहुणे. शंकरासाठी धीर लागतो. एका जागी बसा, दहा-पंधरा मिनिटांत तो आपणहून बाहेर येतो. मागे लागलात तर नाही दिसणार.

अलीकडे पाटांना काँक्रीटचं अस्तर घालतात. गळती थांबते, टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण त्या गुळगुळीत उभ्या उतारांवरून आत पडलेला कोल्हा किंवा मुंगूस बाहेर येऊ शकत नाही. थोड्या थोड्या अंतरावर खडबडीत उतार किंवा पायऱ्या ठेवल्या तर हे टळतं. खर्च किरकोळ आहे, आणि कामाच्या आराखड्यातच ते असावं असं मला फार वाटतं. माणसंही पडतातच की पाटात.

नांदूरमध्यमेश्वरला प्रत्यक्ष कसं जावं ते सांगतो. नाशिकपासून अंतर साधारण ४० किलोमीटर. चापडगाव आणि खानगाव थडी या दोन्ही बाजूंनी जाता येतं. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातले तरुण मार्गदर्शक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) घेऊन सोबत येतात. गाईड जरूर घ्या. तुमच्याकडच्या दुर्बिणीने जे ठिपके दिसले, ते त्यांच्या स्कोपमधून डोळ्याच्या रंगासकट दिसतील, आणि मुलीच्या उंचीला तिपाई खाली करून देतात. त्यांच्या रोजीरोटीचा भाग आहे हा. पाणथळ टिकली तर पैसे मिळतात हे गावाला जेवढं पटेल तेवढं बरं.

सूर्याचा इलाज एवढाच की तो पाठीशी ठेवा. डिसेंबरअखेरीस तो सातच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडेच कललेला राहतो. म्हणून सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या काठावर उभं राहावं, पश्चिमेकडे-उत्तरेकडे तोंड करून. संध्याकाळी दक्षिणेचा काठ चालतो, पण पूर्वेचा सोडून पश्चिमेचा धरायचा. फोनमधला नकाशा उघडून आधीच बघून ठेवा की कुठला मनोरा कुठल्या दिशेला तोंड करून आहे. एवढ्या एका गोष्टीने अर्धे काळे ठिपके रंगीत होतात.

सकाळी किती वाजता? पोरगी आणि वडील दोघांचा विचार करता पहाटे पाचला निघण्याचा हट्ट धरू नका. निफाडची थंडी साधी नसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, आणि द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. अशा सकाळी नदीवर धुकं असतं. रात्री हवा झपाट्याने गार होते, पाणी तेवढं होत नाही; पाण्यावरची ऊबदार दमट हवा त्या गारठ्याला लागून विरळ पांढरी वाफ होऊन उठते. दिसायला अप्रतिम, पण पक्षी त्यात नुसते आवाजाने कळतात. चक्रवाकांची जोडी लांबून एकमेकांना साद घालते तो आवाज मात्र धुक्यातच ऐकावा. साडेसात-आठला पोचलात तर धुकं उठताना बघायला मिळेल आणि लगेच पक्षीही.

तिथे काय बघायचं म्हणाल तर पन्नास जातींची यादी पुरी करण्याच्या मागे लागू नका. दोन दृश्यं मी आवर्जून सांगेन.

पहिलं थापट्यांचं. नर शोधायला सोपा: हिरवं डोकं, पांढरी छाती, तांबडं पोट आणि पुढे पळीसारखी रुंद झालेली चोच. त्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, कडेने सोडायचं, बारीक किडे आणि बिया आत अडवायच्या. आता एखादा थवा बघत थांबा. दहा-वीस पक्षी एकमेकांच्या मागे लागून पाण्यावर गोल गोल फिरू लागतात, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या पायांमागे पाण्याला लावलेली. पायांच्या हालचालीने तळचं अन्न ढवळून वर येतं आणि ते मागच्याच्या तोंडात जातं. मग पुढचा कोण आणि मागचा कोण हे उरतच नाही, सगळेच कुणाच्या तरी मागे असतात. पाणी उथळ असेल तेव्हाच हा फेर जास्त काळ चालतो. स्कोप त्यावर लावून मुलीच्या हाती द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

दुसरं दृश्य दलदली भोवत्याचं. हा शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून पाणकणसावरून खालून खालून तरंगत जातो. तो आला की आधी आवाज बदलतो. चांदवे, ज्यांना बरेच जण वारकरी म्हणतात, विखुरलेले असतात ते पाण्यावर धावत येऊन एकमेकांना खेटतात, सगळा थवा एक काळा गठ्ठा होतो. भोवत्या वर आला की गठ्ठ्यातले कडेचे पक्षी पायांनी पाणी उडवतात. भोवत्याला एकटा पडलेला, जखमी, चुकलेला पक्षी हवा असतो. गठ्ठ्यावर तो सहसा झेप घेत नाही. तो नुसता चक्कर मारून माणसं पारखावीत तसा थवा पारखतो आणि पुढे जातो. दोन मिनिटांत सगळे परत पांगतात. दिवसात हे अनेकदा घडतं, पण बहुतेकांना फक्त 'पक्षी उडाले' एवढंच दिसतं. यापुढे अचानक थवा हलला की आधी आकाशात बघा.

पट्टकादंब दिसले तर नशीबच. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, राखी अंग. लडाख, तिबेट, मंगोलियात वीण करून हे हंस हिमालय ओलांडून येतात. उपग्रह यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात ते ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवतं. पण इथे आल्यावर त्यांचा दिनक्रम अगदी घरगुती होतो. दिवसा पाण्याकाठी झोपा काढायच्या आणि अंधार पडला की शेतात चरायला जायचं. म्हणून दुपारी दिसलेले पट्टकादंब आळशी वाटतात. सूर्यास्ताच्या सुमाराला काठावर थांबलात तर ओळीने उठून शेतांकडे जाताना बघाल. क्रौंच त्याच्या उलट. ते दिवसा शेतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे. पाण्यात कुत्रं-कोल्हं आलं तर चाहूल लागते, म्हणून. इथेही खोलीच महत्त्वाची: पाय पुरतील एवढं पाणी नसेल तर क्रौंच रात्रीला थांबत नाहीत.

क्रौंचांसाठी म्हणून तुम्हाला शेतांकडे बघावं लागेल, आणि ती बघण्यासारखीच असतात. डिसेंबरात कांद्याची लागण चालू असते, गहू वीतभर आलेला, हरभरा फुलावर, उसाला तुरे. रात्री वीज आली की शेतकरी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो आणि सकाळी त्या ओल्या शेतात गायबगळे, शराटी, पिवळे धोबी, टिटव्या उतरलेल्या असतात. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून गाडीतूनच बघा. गाडीला पक्षी घाबरत नाहीत, दार उघडून उतरलेल्या माणसाला घाबरतात. वडिलांना हा प्रकार सगळ्यांत सोयीचा.

उसाचं नाव निघालं म्हणून स्पष्ट सांगतो. या पट्ट्यात बिबट्या आहे आणि तो उसात राहतो. ऊसतोडीच्या दिवसांत बछडी सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. अंधारात, उजाडायच्या आधी किंवा संध्याकाळी उशिरा उसाच्या कडेने पायी फिरू नका. मुलीला हाताशी ठेवा. गावकरी "तिकडे जाऊ नका" म्हणाले तर वाद न घालता फिरा. दुसरी काळजी घोणशीची. थंडीत तिचा मिलनाचा काळ असतो आणि दुपारच्या उन्हात ती पाटाच्या भरावावर, वाळलेल्या पाचटात पडून असते. बंद बूट घाला, गवतात पाय टाकण्याआधी बघा. बस, एवढं पुरे. घाबरून घरी बसण्यासारखं यात काही नाही.

उन्हाचंच निघालं तर, थंडीत नदीकाठी सगळेच पहाटे उठत नाहीत. कासवं आणि दिवड (पाणसाप) उन्हाला येतात ती दहानंतर. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी मगरी दिसतात त्याही थंडीच्या दिवसांत, उन्हं तापल्यावर, मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, उतारावर तोंड उघडं टाकून पडलेल्या. शरीर तापवल्याशिवाय त्यांचं पचनही नीट होत नाही, म्हणून त्यांचं ते पडून राहणं हे कामच असतं. कधी त्या बाजूला गेलात तर पलीकडच्या काठावरूनच बघा, दुर्बिणीतून. नदीत उतरायचं नाही.

जलपर्णीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे गेल्यावर ती दिसल्याशिवाय राहणार नाही. जांभळ्या फुलांचा हिरवा गालिचा बघून लोक हरखतात. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर ती फोफावते आणि वाहत येऊन बंधाऱ्यामागे अडकते. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्ष्यांना थोडी जलपर्णी चालते, त्यावर ते चालतात, लपतात. पण सलग पसरली की खाली उजेड जात नाही, पाणी मरतं, आणि बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. काठावरून ओढून काढणं हा तात्पुरता उपाय. वर शहरात सांडपाणी पुरतं शुद्ध होत नाही तोवर ती दर वर्षी येणार. पक्ष्यांवर प्रेम असलेल्या प्रत्येकाने महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पांबद्दल बोललं पाहिजे, असं मी कळकळीने म्हणतो. पाणथळीवर गाडीभर माणसं नेऊन ते काम होत नाही.

पुण्याजवळचं कवडीपाट याचंच दुसरं टोक आहे. मुळा-मुठेत शहराचं पाणी वर्षभर वाहतं, त्यामुळे थंडीत तिथे उथळ वाहतं पाणी कायम मिळतं आणि चक्रवाक, धोबी, शेकाटे हमखास. फेस आणि प्लॅस्टिक यांच्यामधून ते खात असतात. तुम्ही पुण्याचेच असाल तर एखाद्या रविवारी मुलीला तिथेही न्या. दोन्ही बघायला हवं तिने.

आता भिगवण. उजनीचा जलाशय म्हणजे भीमेचं अडवलेलं पाणी, साठा जवळपास ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे नांदूरमध्यमेश्वरच्या कित्येक पट. कुंभारगाव, डिकसळच्या मच्छीमारांच्या होड्या तुम्हाला रोहित पक्ष्यांजवळ नेतात. पण तिथेही पाण्याचंच राज्य. पाऊस चांगला झाला आणि उजनी शंभर टक्के भरली, तर डिसेंबरात काठ बुडालेले असतात, रोहितांना उभं राहायला गुडघाभर पाणी आणि चिखल मिळत नाही. मग ते उशिरा येतात, कधी फेब्रुवारीत, कधी त्याही पुढे. लोक डिसेंबरात जाऊन रोहित नाहीत म्हणून हळहळतात. धरणाच्या साठ्याची टक्केवारी रोज जाहीर होते; ती उतरायला लागली की जा. होडीवाल्याला आधीच सांगा, "थवा उडवून दाखवू नका." फोटोसाठी थवा उडवला की पक्ष्यांची खायची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात, आणि पुढे परतीच्या प्रवासाला हीच साठवलेली चरबी लागते. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकायचा मोहही आवरा.

तेव्हा तुमच्या डिसेंबरच्या चार दिवसांसाठी नांदूरमध्यमेश्वरच. एक सकाळ चापडगावच्या मनोऱ्यावर गाईडसोबत, साडेसात ते साडेदहा. शनिवार-रविवार टाळा. दुसऱ्या दिवशी मनोऱ्याकडे न जाता आधी पाट चालू की बंद ते विचारा. बंद असेल तर भरावावरून चालत डबकी बघा, चालू असेल तर पूल, मोऱ्या आणि पाझर. वडिलांसाठी घडीची खुर्ची आणि थर्मास, मुलीसाठी वही. वहीत पक्ष्याच्या नावाशेजारी पाणी किती होतं तेही लिहायला लावा: घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, खोल. आणि जानेवारीत पुन्हा जमणार असेल तर आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. जाणत्यांसोबत नवशिक्यांनाही घेतात. मुलीची वही तिथे कामाला येईल.